उत्तर न देणारे नाटक

मोहिमेचे कलापथक गावात आले की पुढे काय होणार, हे ग्रामीण महाराष्ट्राला आता पाठ झाले आहे. ग्रामपंचायतीपुढे ढोलकी वाजते, पोरे गोळा होतात, पंधरा-वीस मिनिटांत दारुडा नवरा सुधारतो, हट्टी सासू नमते, सगळे मिळून घोषणा देतात, फोटो निघतात आणि गाडी पुढच्या गावाला लागते. बुलढाणा जिल्ह्याच्या खामगाव तालुक्यातले पिंपळगाव राजा हे गाव घ्या. कापूस, सोयाबीन आणि तुरीच्या या पट्ट्यात ‘मुलगी वाचवा’ हा संदेश पोचलेला नाही, असे घर शोधून सापडणार नाही. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ सालीच केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला आणि २००३ मध्ये तो कडक झाला. तरीही २००१ च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ९०८ मुली होत्या, त्या २०११ मध्ये ८५५ वर आल्या. या घसरणीला अनेक कारणे आहेत आणि तिचे खापर कलापथकांवर फोडणे अन्यायाचे होईल. मात्र त्या दशकात माहितीची टंचाई नव्हती, एवढे हे आकडे नक्की सांगतात. काय चूक आहे हे लोकांना ठाऊक होते. घरातली वडीलधारी माणसे, भावकी, सोयरे आणि कर्ज हे सगळे एका बाजूला असताना नेमके कोणत्या क्षणी, कोणापुढे आणि कोणत्या शब्दांत ‘नाही’ म्हणायचे, याचा सराव कोणालाच नव्हता. सामाजिक बदलासाठी नाटक वापरायचे असेल, तर त्याने हा सराव घडवला पाहिजे. तो घडवायचा असेल, तर नाटकाला उत्तर देण्याचा मोह सोडावा लागेल.

असा सराव घडवणाऱ्या नाटकाची पद्धत ब्राझीलचे रंगकर्मी ऑगुस्तो बोआल (१९३१–२००९) यांनी बांधली. तिला ‘फोरम थिएटर’ म्हणतात. तिच्या मुळाशी बोआल यांनी स्वतः नोंदवलेली एक फजिती आहे. ईशान्य ब्राझीलमधल्या शेतकऱ्यांपुढे त्यांच्या मंडळीने जमिनीसाठी रक्त सांडण्याची हाक देणारे जोशपूर्ण नाटक केले. ते पाहून व्हर्जिलियो नावाचा एक शेतकरी पुढे आला आणि म्हणाला, की तुमच्याकडे बंदुका आहेतच, तर चला आमच्याबरोबर, जमीनदाराच्या माणसांना हुसकून लावू. बंदुका लाकडी होत्या आणि नटांना लढायला जायचे नव्हते. जो धोका आपण पत्करणार नाही तो दुसऱ्याला पत्करायला सांगण्याचा अधिकार कलावंताला नाही, हा धडा बोआल यांनी त्यातून घेतला. पुढे १९७१ मध्ये लष्करी राजवटीने त्यांना अटक करून छळले आणि त्यांना देश सोडावा लागला. १९७३ साली पेरूमध्ये साक्षरता मोहिमेवर असताना फसवणूक करणाऱ्या नवऱ्याचे काय करावे, यावर एक प्रयोग चालला होता. प्रेक्षकांतली एक बाई सूचना करत होती, नट ती करून दाखवत होते, आणि काही केल्या बाईचे समाधान होत नव्हते. शेवटी बोआल यांनी तिलाच मंचावर बोलावले. तिने केलेले नटांनी दाखवलेल्यापेक्षा अगदी वेगळे होते. त्या दिवसापासून प्रेक्षकाने सूचना द्यायची ही रीत मागे पडली आणि प्रेक्षकाने स्वतः उठून पात्राची जागा घ्यायची ही रीत आली. या नाटकाचा साचा सोपा आहे. अन्यायात सापडलेले एक पात्र लढते आणि हरते. सूत्रधार प्रेक्षकांना विचारतो, की याने कुठे वेगळे वागायला हवे होते? मग नाटक पुन्हा सुरू होते. ज्याला वाटेल त्याने ‘थांबा’ म्हणायचे, त्या पात्राच्या जागी उभे राहायचे आणि आपला मार्ग करून पाहायचा. समोरचे नट मात्र सहजासहजी हार मानत नाहीत.

पिंपळगाव राजासारख्या गावात हे कसे घडेल, याची कल्पना करून पाहू. विषय समजा बालविवाहाचा आहे. दहावीत शिकणारी मुलगी, सोयाबीन हातचे गेल्यामुळे सोसायटीचे कर्ज थकलेला बाप, गप्प राहणारी आई, स्थळ घेऊन आलेला मामा आणि ‘पोरगी उजवून टाक’ म्हणणारी आत्या, एवढी पात्रे पुरेत. हुंडा नको, लग्नाचा खर्चही पाव्हणे करतील, असे मामा सांगतो. मुलगी नाही म्हणते, रडते आणि हरते. प्रचारी पथनाट्यात इथे पोलीस किंवा ग्रामसेवक येऊन लग्न थांबवतो. २००६ च्या कायद्याप्रमाणे मुलीचे वय १८ आणि मुलाचे २१ असावे लागते, गावपातळीवर ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो आणि १०९८ हा मदतीचा क्रमांक आहे, ही माहिती पाठ म्हटली जाते. फोरमच्या नाटकात असा सुटकेचा दरवाजा तयार नसतो. कोणी मुलीच्या जागी येऊन १०९८ ला फोन लावेल. मग आत्या विचारेल, की लग्न मोडल्यावर गावात या पोरीची जी नाचक्की होईल ती निस्तरायला फोनवरची बाई येणार का? कोणी आईची जागा घेऊन नवऱ्याशी एकांतात बोलून पाहील. कोणी अंगणवाडी सेविकेला घरी बोलावण्याची युक्ती काढेल. दोन-चार प्रयत्न झाले की बापाच्या हट्टाखालची भीती उघडी पडते. पुढच्या शिक्षणासाठी मुलगी रोज एसटीने खामगावला गेली, आणि संध्याकाळची गाडी चुकली, तर तिच्या सुरक्षिततेची हमी कोण घेणार? आता प्रश्न अडाणी बापाच्या मनोवृत्तीपुरता राहत नाही. तो एसटीच्या वेळापत्रकाचा आणि फाट्यावरच्या दिव्याचाही होतो. वरून आलेल्या संहितेत हा दिवा कधीच नसतो, कारण ती लिहिणाऱ्याला तो फाटा माहीत नसतो. अशा नाटकाचे पहिले काम म्हणजे खरी अडचण शोधून काढणे, आणि ती प्रेक्षकांच्या मदतीशिवाय सापडत नाही.

हे सारे परदेशी आहे आणि आपल्या मातीत रुजणार नाही, असा आक्षेप हमखास येतो. त्याला मराठी रंगभूमीचा इतिहासच उत्तर देतो. जोतीराव फुले यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून दक्षिणा प्राइज कमिटीकडे दिले आणि कमिटीने ते नाकारले. त्यात ग्रहदशेची भीती घालणाऱ्या जोशाच्या नादी लागून नागवले गेलेले एक शेतकरी जोडपे आहे, आणि घडणाऱ्या प्रसंगांवर मधूनमधून टिप्पणी करत प्रेक्षकांना जागे ठेवणारा विदूषक आहे. प्रेक्षकाला गोष्टीत वाहून जाऊ न देता विचार करायला लावणे, हे काम हा विदूषक बोआल यांच्या सूत्रधाराआधी शंभराहून अधिक वर्षे करत होता. पुढे सत्यशोधक जलशांनी तमाशाचा साचा घेतला आणि त्यातला आशय बदलला. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक यांच्यासारख्या शाहिरांनी आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. तमाशातली बतावणी समोरचा प्रेक्षक पाहून फुलते आणि कलगी-तुऱ्याचा सामना सवाल-जवाबावरच उभा असतो. वऱ्हाडापुरते बोलायचे तर सर्वांत मोठे उदाहरण गाडगेबाबांचे. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात १८७६ साली जन्मलेला हा माणूस दिवसा गाव झाडायचा आणि रात्री वऱ्हाडी बोलीत कीर्तन करायचा. त्या कीर्तनात तो समोरच्या माणसांना एकामागून एक प्रश्न विचारायचा, त्यांच्याकडून उत्तरे वदवून घ्यायचा आणि त्याच उत्तरांच्या आधाराने कर्ज काढून केलेले सण, पशुबळी, दारू आणि शिवाशीव यांचा फोलपणा त्यांच्याच तोंडून कबूल करून घ्यायचा. श्रोत्यांवाचून ते कीर्तन एक पाऊल पुढे जात नसे.

तरीही ‘आमच्याकडे हे सगळे होतेच’ म्हणून मोकळे होणे खरे नाही. गाडगेबाबांच्या प्रश्नाचे उत्तर बाबांना आधी ठाऊक असे. जलशाच्या शेवटी प्रेक्षकाने कोणती बाजू घ्यायची हेही ठरलेले असे. ‘तृतीय रत्न’मधले जोडपे शेवटी फुल्यांच्या रात्रशाळेकडे वळते आणि तो लेखकाचा निर्णय असतो. त्या काळी ते योग्यच होते, कारण ज्ञानाची दारेच बंद होती; ती उघडणे ही पहिली गरज होती. आज परिस्थिती वेगळी आहे. बालविवाह गुन्हा आहे हे बापाला माहीत आहे, हुंडा देऊ नये हे मामाला माहीत आहे, सात-बाऱ्यावर बायकोचे नाव लावता येते हे शेतकऱ्यालाही माहीत आहे. त्यासाठी शेतकरी संघटनेने शरद जोशींच्या नेतृत्वाखाली ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीमही चालवली होती. आता अडते ते कळण्यापाशी नव्हे, वळण्यापाशी. म्हणून परंपरेकडून प्रश्न विचारण्याची कला घ्यावी, बोली घ्यावी, विनोद घ्यावा. उत्तर आधीच खिशात ठेवण्याची सवय मात्र तिथेच सोडावी.

महाराष्ट्रात या दिशेने बरेच काम झाले आहे. ज्योती म्हापसेकर यांचे ‘मुलगी झाली हो’ स्त्री मुक्ती संघटनेने १९८३ मध्ये रंगमंचावर आणले. लोककलेचा बाज, साधे नेपथ्य आणि कार्यकर्त्या बायकाच नट असे त्याचे रूप होते. अतुल पेठे यांनी माहितीच्या अधिकाराच्या लढ्यावरचे ‘दलपतसिंग येती गावा’ जालना जिल्ह्यातल्या जांबसमर्थ इथल्या गावकऱ्यांना घेऊन बसवले, तर गो. पु. देशपांडे यांचे ‘सत्यशोधक’ पुणे महापालिकेच्या सफाई कामगारांना घेऊन केले. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली. त्यानंतर पेठे आणि राजू इनामदार यांच्या कार्यशाळांतून दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी रिंगणनाट्य उभे केले. मंच नाही, पडदा नाही, प्रेक्षक चहूबाजूंनी बसलेले. रिंगणात पाहणारा आणि करणारा यांच्यातले अंतर चार हातांवर येते. फोरमच्या नाटकाला हवी असलेली जागा रिंगणाने तयार करून दिली आहे. आता पाहणाऱ्याला आत ओढण्याचे पाऊल उरले आहे.

याने खरेच काही बदलते का, हा प्रश्न टाळता येणार नाही. भारतात या पद्धतीचे सर्वांत दीर्घ काम पश्चिम बंगालमध्ये आहे. संजय गांगुली यांनी १९८५ मध्ये सुरू केलेली ‘जनसंस्कृती’ ही संस्था सुंदरबनच्या गावांपासून सुरुवात करून अनेक वर्षे फोरमचे प्रयोग करते आहे. तिचे नट प्रामुख्याने शेतकरी आणि शेतमजूर आहेत. या कामाचा अभ्यास करणारा कार्ला हॉफ, ज्योत्स्ना जालान आणि सात्त्विक सांत्रा या अर्थशास्त्रज्ञांचा निबंध जागतिक बँकेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. प्रयोग वर्षानुवर्षे होत आलेल्या गावांची तुलना त्यांनी प्रयोग न झालेल्या गावांशी केली, तेव्हा पहिल्या गावांत पत्नीला होणारी मारहाण कमी आढळली. यातला ‘वर्षानुवर्षे’ हा भाग महत्त्वाचा आहे. एका प्रयोगाने गाव सुधारते असे कोणताही गंभीर अभ्यासक म्हणत नाही. तेच नट, तेच गाव, पुन्हा पुन्हा तोच प्रश्न, आणि दर वेळी थोडे वेगळे बोलणारी माणसे, असे झाले तर सवय पडते. बाई चारचौघांत नवऱ्याच्या पात्राशी वाद घालते, गाव ते ऐकते, आणि आपण एकटेच असा विचार करतो असे नाही, हे इतर नवऱ्यांनाही दिसते. गावातली बंधने पुष्कळदा ‘लोक काय म्हणतील’ यावर टिकलेली असतात. लोक खरोखर काय म्हणतात, हे उघड्यावर ऐकू आले की त्या बंधनांचा पाया हलतो.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. गावात माणसे मोकळी नसतात. सावकारापुढे कूळ बोलत नाही, सासऱ्यापुढे सून बोलत नाही, आणि कोणत्या वस्तीतला माणूस रिंगणात कुठे बसला हे सगळ्यांना दिसते. अशा ठिकाणी बोलायला लावून आपण दुबळ्याला उघडे पाडत नाही का? धोका खरा आहे आणि तो चांगल्या हेतूने नाहीसा होत नाही. म्हणून या कामाला शिस्त लागते. गोष्ट गावातली असली तरी कोण्या एका घराची ओळख पटेल अशी नसावी. पहिला प्रयोग पारावर न करता बचत गटाच्या बैठकीत किंवा शाळेतल्या मुलींपुढे करावा. मोठ्या रिंगणात जायचे की नाही हे त्या बायका-मुलींनीच ठरवावे. प्रेक्षकाने जागा घ्यायची ती दाबल्या गेलेल्या पात्राची. दाबणाऱ्याच्या जागी जाऊन त्याला एकदम देवमाणूस करता येत नाही. असे केले तर ते जादूचे उत्तर ठरते, आणि सूत्रधाराने सरळ विचारायचे असते, की तुमच्या घरी असे होईल का? लोक हसतात आणि पुन्हा कामाला लागतात. सूत्रधाराचे कसब इथे दिसते. गप्प कोण आहे हे त्याला पाहावे लागते, आणि सारखा बोलणारा पुढारी रिंगण ताब्यात घेऊ लागला की त्याला अदबीने बसवावे लागते. हे कसब शिकावे लागते. हौसेवर सोडले तर फायद्यापेक्षा नुकसान अधिक.

तिसरा आक्षेप डावीकडून येतो आणि त्यात बरेच तथ्य आहे. पंतप्रधानांच्या पॅकेजसाठी २००६ मध्ये विदर्भातले जे सहा आत्महत्याग्रस्त जिल्हे निवडले गेले, त्यांत बुलढाणा होता. कापसाचा भाव, पावसाचा खंड आणि पीककर्जाची व्यवस्था हे प्रश्न रिंगणात सुटत नाहीत. उलट ‘तुम्ही वेगळे वागून पाहा’ असे सांगणारे नाटक सगळा भार पीडितावरच टाकते: तू नीट बोलली नाहीस म्हणून हरलीस. अर्ध्यावर सोडलेले फोरमचे नाटक हे पाप नक्कीच करते. पण पद्धतीने यावर उपाय काढला आहे. बोआल रिओ द जानेरोच्या नगरपरिषदेवर निवडून गेले आणि १९९३ ते १९९६ या काळात त्यांनी वस्त्यांतल्या प्रयोगांतून आलेल्या सूचना थेट सभागृहात मांडल्या. त्यांतून १३ कायदे मंजूर झाले. आपल्याकडे यासाठी नगरसेवक होण्याचीही गरज नाही. ग्रामसभा आहे, तिच्याआधी महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूद आहे, आणि ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने ४ मे २०२२ रोजी विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. दोन आठवड्यांच्या आत शासनाने सगळ्या ग्रामपंचायतींना तसे करण्याचे आवाहन करणारे परिपत्रक काढले. तो ठराव नाटकातून आला नव्हता, पण गावच्या ठरावात किती बळ असते हे त्याने दाखवले. बापाच्या भीतीतून निघालेला फाट्यावरचा दिवा आणि संध्याकाळची एसटी हे विषय महिला सभेत, मग ग्रामसभेत आणि तिथून आगार व्यवस्थापकाच्या टेबलावर गेले, तर भार पीडितावरून उतरून जिथे असायला हवा तिथे जातो. कापसाचा भाव ग्रामसभा ठरवू शकत नाही. पण भाव कोण ठरवतो आणि त्याला जाब विचारायला कोणाबरोबर जायचे, एवढे रिंगणात नक्की स्पष्ट होते.

मग हे करणार कोण, आणि पैसा कोणाचा? खरी अडचण इथे आहे. पैसे देणाऱ्याला योग्य शेवट हवा असतो. लाभार्थ्याने योजनेचे आभार मानावेत, दारू सुटावी, शौचालय बांधले जावे. प्रेक्षकातून कोणी उठून योजनेचा हप्ता अडल्याचे सांगू लागला, तर आयोजकाची अडचण होते. सत्तेला नाटकाची ही भीती जुनीच आहे. इंग्रजांनी १८७६ मध्ये नाट्यप्रयोग नियंत्रणाचा कायदा केला आणि खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर १९१० मध्ये बंदी आली. आजही महाराष्ट्रात रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून संहिता संमत करून घ्यावी लागते. पण ज्या नाटकाची अर्धी संहिता प्रेक्षकाच्या तोंडी आहे, ती कोणी आधी कशी तपासणार? म्हणून हे काम मोहिमेच्या कंत्राटातून उभे राहील अशी अपेक्षा ठेवू नये. त्यासाठी शिक्षणसंस्थांकडे पाहावे. बुलढाणा जिल्हा ज्या विद्यापीठाच्या कक्षेत येतो त्याला गाडगेबाबांचेच नाव आहे. त्याच्या महाविद्यालयांत राष्ट्रीय सेवा योजनेची पथके आहेत आणि त्यांची सात दिवसांची निवासी शिबिरे गावांतच भरतात. आज त्या शिबिरात शेवटच्या रात्री स्वच्छतेवर किंवा व्यसनमुक्तीवर एक पथनाट्य होते. तेच सात दिवस वेगळे वापरता येतील. पहिले तीन दिवस श्रमदानाबरोबर माणसांचे ऐकायचे, पुढचे दोन दिवस त्या गोष्टींतून हरणाऱ्या पात्राचे छोटे नाटक बांधायचे, सहाव्या दिवशी बचत गटापुढे आणि सातव्या रात्री गावापुढे ते करायचे. पुढच्या वर्षी त्याच गावात परत यायचे आणि गेल्या वर्षी काय झाले हे विचारत पुन्हा सुरुवात करायची. शिबिराची गावे दर वर्षी बदलण्याचा सोस सोडला, तर याला वेगळा निधी लागत नाही.

असे नाटक कला म्हणून थिटे असते, असेही म्हटले जाते. नटांचे उच्चार अडखळतात, प्रेक्षकातून आलेली बाई प्रेक्षकांकडे पाठ करूनच उभी राहते, प्रवेश लांबतात. हे सगळे खरे आहे. पण ज्या नाटकाचा हेतू पाहणाऱ्याला बोलता करणे हा आहे, त्याची परीक्षा नटाच्या अभिनयावरून घेणे म्हणजे भलत्याच विषयाचा पेपर तपासणे होय. त्याच्यासाठी वेगळी कसोटी लावावी, आणि ती फार कडक असावी. प्रयोगानंतर टाळ्या किती पडल्या हे मोजू नये, फोटोही मोजू नयेत. सहा महिन्यांनी ग्रामपंचायतीची ठरावाची वही उघडावी आणि पाहावे: रिंगणात उभी राहून बोललेली बाई ग्रामसभेत बोलली का, तिने मांडलेला विषय नोंदवला गेला का, आणि त्यावर सही कोणाची आहे. वहीत काही नसेल तर पुन्हा त्या गावात जावे, आणि नाटक कुठे चुकले हे गावालाच विचारावे.